दोन माद्या आणि एक जिल्हा

पावसाळ्याच्या तोंडाशी रोहूची चार किलोची मादी गाभोळीने भरते तेव्हा तिच्या पोटात साधारण १० लाख अंडी असतात. रोहूचा हिशेबच किलोमागे दोन ते तीन लाख अंड्यांचा. २०११ च्या जनगणनेत अकोला शहराची लोकसंख्या सव्वाचार लाखांच्या घरात होती. म्हणजे जठारपेठेपासून जुन्या शहरापर्यंत सगळं अकोला दोनदा मोजलं, तरी या एका मादीची अंडी संपत नाहीत. अशा दोन माद्या घेतल्या की १८ लाखांचा अख्खा अकोला जिल्हा मागे पडतो. नराचा आकडा याहून प्रचंड. त्याच्या एक मिलिलिटर रेतात हजार कोटींहून जास्त शुक्राणू असतात, आणि पृथ्वीवर माणसं आहेत आठशे कोटींच्या थोडी वर.

वाहत्या नदीत मात्र या लाखांचं पुढे फारसं काही उरत नाही. माशांची संख्या पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहायची असेल, तर एका जोडीने जन्मभर टाकलेल्या सगळ्या अंड्यांपैकी सरासरी दोनच जीव वाढून पुन्हा अंड्यावर येतात. बाकीचे पुरात, गाळात, दुसऱ्या माशांच्या तोंडात जातात. ही चाळणी निर्दय आहे, पण मासा कणखर राहिला तो तिच्यामुळेच.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना बांधीव पाण्यात अंडी द्यायला लावलं. तोवर बहुतेक मत्स्यबीज पुराच्या पाण्यातून जाळ्यांनी गोळा करावं लागे. २०२२-२३ या वर्षात देशाने पावणेदोनशे लाख टनांच्या आसपास मासे काढले आणि त्यातला तीन-चतुर्थांश वाटा गोड्या व निमखाऱ्या पाण्याचा होता. या यशाच्या मुळाशी अंगुलचा तो दिवस आहे. त्या शोधाचं मोल मला फार वाटतं, म्हणूनच त्याने नकळत उघडलेली दुसरी वाट काळजीत टाकते.

रोहू, कतला आणि मृगळ हे मुळात उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे. आपली पूर्णा नदी तापीला मिळते, त्या नद्यांना नाही. आपल्याकडच्या धरणांत हे मासे माणसाने आणून सोडले, आणि बाहेरून बीज आणायचं म्हटलं की सगळी भिस्त हॅचरीवर. तिथे चाळणी सैल असते. चार किलोच्या एका मादीपासून मत्स्यजिरे, मत्स्यबीज असे टप्पे पार करत दीड लाख बोटुकली सहज हाती येते. धरणाचं पाणी हजार हेक्टर आणि हेक्टरी ५०० बोटुकली धरली, तर पाच लाख पुरतात. चार माद्यांनी अख्खं धरण भरतं. पाण्यात पाच लाख मासे पोहतात, पण त्यांच्या आया चारच!

आनुवंशिकतेच्या हिशेबात डोकी मोजत नाहीत, आईबाप मोजतात, आणि तेही नर-माद्यांचं प्रमाण बघून. शंभर माद्या आणि दोनच नर ठेवले, तर हिशेबाला १०२ मासे धरले जात नाहीत, जेमतेम ८ धरले जातात. दहा नर आणि दहा माद्यांवर हॅचरी चालवली तर दर पिढीला अडीच टक्के आनुवंशिक विविधता गळते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण रोहूची पिढी दोन-तीन वर्षांची, आणि बाहेरून नवं रक्त आलंच नाही तर २५ पिढ्यांत जवळजवळ निम्मी विविधता संपते. एकनाथ आणि डॉयल या संशोधकांनी कर्नाटकातल्या कार्प हॅचऱ्यांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध केला. तिथे ही ‘हिशेबाची संख्या’ कुठे ३, तर कुठे फार तर ३० निघाली. सगोत्र पैदाशीचा वेग वर्षाला २ ते १७ टक्के. बाहेरून बघणाऱ्याला या हॅचऱ्या लाखो पिलांनी गजबजलेल्याच दिसल्या असत्या.

याची उलटी बाजू तितकीच थक्क करणारी आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या पाच नद्यांतला रोहू एकत्र आणला. त्यातून निवड पद्धतीने ‘जयंती रोहू’ घडवला. त्याची वाढ दर पिढीला सुमारे १७ टक्क्यांनी सुधारत गेली. या वेगाने पाच पिढ्यांत वाढ दुपटीवर जाते. वेगवेगळ्या नद्यांचं रक्त हाताशी नसतं, तर निवडायला काही उरलंच नसतं.

मग आणखी नद्यांचे मासे आणून मिसळत राहावं का? इथे महाराष्ट्राचाच एक धडा आहे. लोणावळ्याच्या वळवण तलावाजवळ टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून निळ्या परांच्या महासीरची पैदास होते आणि त्या जातीला याने मोठा आधार मिळाला. पण तिथली पिल्लं कावेरीतही सोडली गेली. कावेरीत कुबडा महासीर नांदत होता. १९४६ साली कावेरीला मिळणाऱ्या काबिनी नदीत गळाला लागलेला एक महासीर ५४ किलोचा होता! आज तो कुबडा महासीर नष्ट होण्याच्या काठावर आहे, आणि बाहेरून आलेल्या भावकीने त्याची जागा घेणं हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. त्याची ‘टॉर रेमादेवी’ ही शास्त्रीय ओळखही २०१८ मध्येच पक्की झाली. तोवर तो जवळपास हातचा गेला होता. त्यामुळे मिसळ करायची ती हॅचरीच्या टाक्यांत, नोंद ठेवून, नदीत नव्हे.

जगातल्या एकूण पाण्यापैकी नद्या आणि तळ्यांत असतं सुमारे ०.०१ टक्का, पण माशांच्या जवळपास निम्म्या जाती त्यातच राहतात. जगभरात सुमारे ७०० जलचर जाती पाळल्या जातात. त्यांच्या आनुवंशिक ठेव्याचा पहिला जागतिक आढावा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने काढला तो थेट २०१९ मध्ये.

पऱ्हाटीचं बियाणं कोरडं, थंड ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही. माशांच्या बाबतीत नराचं रेत उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये टिकवता येतं, आणि लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्था त्यावर काम करते. अंडं मात्र मोठं, बलकाने भरलेलं. ते गोठवून पुन्हा जिवंत करण्याची भरवशाची रीत अजून हातात नाही. म्हणजे आईकडचा ठेवा जिवंत मासळीतच राहतो. तो राहतो काटेपूर्णेच्या, वाणेच्या, पूर्णेच्या त्या डोहांत, जे उन्हाळ्यातही पूर्ण आटत नाहीत.

काटेपूर्णेवरच्या महानच्या धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ८६ दशलक्ष घनमीटर, म्हणजे ८,६०० कोटी लिटर. अकोल्याच्या नळाला तिथलंच पाणी येतं, आणि त्यावर पिण्याइतकाच माशांचाही हक्क आहे असं मला वाटतं. उन्हाळ्यात डोहाला लागेल तेवढं पाणी राखून ठेवावं. बीज विकत घेणाऱ्या मत्स्य सहकारी संस्थांनी भावाबरोबर आणखी काही विचारावं: यंदा किती नर वापरले, किती माद्या, ते कुठून आणले, आणि शेवटचा बाहेरचा नर कोणत्या साली आला. ज्या हॅचरीवाल्याच्या वहीत ही उत्तरं लिहिलेली असतील, त्याला हजारी चार रुपये जास्त द्यावेत.