जत्रेच्या रात्री आपल्या माणसाचा चेहरा

पेडणे तालुक्यात देवळादेवळांतून दशावताराचे खेळ रात्र रात्र रंगतात. वैशाख शुद्ध पंचमीला डिचोली तालुक्यातल्या शिरगावात श्रीलईराईची जत्रा भरते. ज्यांचे नातलग तिकडे आहेत, अशी आपल्याकडची मंडळी चोर्ला घाट उतरून जातात. परतताना मोबाइलमध्ये ढीगभर फोटो असतात, पण आपल्या माणसाचा चेहरा क्वचितच धड येतो.

माझ्या एका विद्यार्थिनीने दशावतारात काम करणाऱ्या मामाचा फोटो घरी दाखवला. मुकुट लखलखीत, चेहऱ्यावर मात्र रवा सांडल्यासारखे ठिपके. तिच्या कन्नड आजीने चष्मा पुसून विचारले, ‘मुख एल्लि?’ चेहरा कुठे आहे? सारा प्रश्न त्या दोन शब्दांत आला.

या ठिपक्यांना नॉइज म्हणतात. आयएसओ वाढवला म्हणून ते येतात, असा समज आहे. मूळ कारण अपुरा प्रकाश. प्रकाश कणाकणांनी येतो. कण थोडे असले की शेजारच्या बिंदूंवर ते सारखे पडत नाहीत, आणि तो फरक रवाळ दिसतो. म्हणून आयएसओ ४०० वर काळपट फोटो काढून तो मागाहून उजळण्यापेक्षा १६०० वरच योग्य उजेडाचा काढावा. तो सहसा अधिक स्वच्छ येतो. लेन्स एफ ३.५ ऐवजी १.८ वर उघडली, तर जवळजवळ चौपट प्रकाश आत येतो. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. तेव्हा शटर १/५० किंवा १/१०० ठेवावे, म्हणजे फोटोत पट्टे उमटत नाहीत.

कॅमेरा सरासरी उजेड मोजतो. काळ्या वेशातला संकासुर समोर आला की तो सगळेच उजळतो आणि शेजारच्या नटाचा रंगवलेला चेहरा पांढराफटक होतो. मामाच्या फोटोत उलटे झाले होते. मुकुटाच्या चकाकीने कॅमेऱ्याने उजेड कमी केला, चेहरा अंधारात गेला आणि नंतर उजळताना रवा वर आला. उपाय एकच: उजेड चेहऱ्यावर मोजावा. मोबाइलवर चेहऱ्याला बोट लावून उजेडाची पट्टी वरखाली करावी.

मोबाइलचा नाइट मोड अनेक फोटो घेऊन एकत्र करतो. चार फोटोंची सरासरी काढली की नॉइज निम्मा होतो. पण माणूस हलला तर चेहरा पुसट होतो. म्हणून तो नाचत्या नटासाठी नव्हे, रंगपटात तोंड रंगवून बसलेल्या नटासाठी वापरावा.

शिरगावच्या निखाऱ्यांपाशी फ्लॅश नकोच. त्याने निखाऱ्यांची लाली पुसली जाते आणि चालणाऱ्या धोंडांचे डोळे दिपतात. ३ मे २०२५ च्या पहाटे तिथे चेंगराचेंगरीत भाविकांचे प्राण गेले. फोटोसाठी गर्दीच्या वाटेत थांबू नये. उपवास सोडल्यावर, विचारून, निवांत फोटो काढावा.

शेवटी, नॉइज घालवणारे सॉफ्टवेअर बेताने वापरा. ते रव्याबरोबर आजोबांच्या सुरकुत्याही पुसते. फोटो चार बाय सहा इंचांचा छापून घेतला की उरलासुरला रवा फारसा दिसत नाही, आणि सुरकुत्या मात्र राहतात.