भातखाचरातला बैलबेडूक: पहिल्या पावसात त्याला पकडू नका

मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला की त्याच रात्री खाचरातून जड, घोगरा आवाज येऊ लागतो. हा बैलबेडूक. आपल्याकडचा हा सर्वांत मोठा बेडूक, वाढ पूर्ण झाली की साधारण वीतभर होतो. एरवी मातकट-हिरवा दिसणारा नर या दिवसांत पिवळाधमक होतो आणि ओरडताना त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. घरातल्या मुलांना दाखवायचाच असेल तर हीच वेळ, पण बांधावरून, बॅटरीच्या उजेडात आणि हात न लावता.

हा गोंगाट थोड्याच रात्री टिकतो. मादी उथळ, साचलेल्या पाण्यात हजारो अंडी घालते. कायम पाणी असलेल्या तळ्यापेक्षा पावसाने भरलेले डबके तिला बरे, कारण तिथे मासे कमी असतात. अंड्यातून शेपटीवाली पिल्ले बाहेर येतात. बैलबेडकाची पिल्ले मांसाहारी असतात. डासांच्या अळ्या खातात, इतर बेडकांची पिल्लेही सोडत नाहीत. साधारण महिना-दीड महिन्यात आधी मागचे पाय, मग पुढचे पाय येतात, शेपूट जिरते आणि बेडूक जमिनीवर येतो. म्हणून लावणीनंतरचे पहिले काही आठवडे त्याच्यासाठी सर्वांत नाजूक. गणपतीला लालबाग-परळहून गावी आलेल्या मुलांना बांधावर टुणटुण उडणारे लहान बेडूक दिसतात, त्यांत यंदाची बैलबेडकाची पिल्लेही असतात.

पाऊस संपला की तो ओलसर मातीत शिरतो आणि उन्हाळा तिथेच काढतो. त्याला पाणी लागते तशीच माती लागते. गिरगावात मुगभाट, फणसवाडी ही नावे अजून आहेत. दादर-माटुंग्याच्या सखल भागात एकेकाळी भातशेती होती. आज हिंदमाताला गुडघाभर पाणी तुंबते, पण खाली डांबर आणि सिमेंट. तिथे बेडूक उन्हाळा काढणार कुठे?

शेताला उपयोग काय, हा खरा प्रश्न. बेडूक हलणारे आणि तोंडात मावेल ते सर्व खातो: नाकतोडे, पतंग, अळ्या, भुंगेरे. मोठा बैलबेडूक लहान खेकडे आणि उंदराची पिल्लेही गिळतो. बांधाला बिळे पाडणारा आणि कोवळी रोपे कापणारा खेकडा कोकणातल्या शेतकऱ्याला वेगळा सांगायला नको. तुडतुड्यांसारखी बारीक कीड मात्र बैलबेडकापेक्षा खाचरातले लहान बेडूक जास्त टिपतात. तो गांडूळ आणि चतुरही खातो, हे लपवण्यात अर्थ नाही. एकट्या बेडकाच्या भरवशावर कीड नियंत्रण होत नाही. पण फुकट मिळणारा, रात्रपाळी करणारा हा गडी घालवून बसणे महागात पडते.

देशाने हा हिशेब एकदा करून पाहिला आहे. १९५०च्या दशकापासून आपल्याकडून बेडकांचे पाय परदेशी जाऊ लागले. पुढे ही निर्यात वर्षाला हजारो टनांवर गेली. पावसाळ्यात रात्री दिव्याच्या उजेडात बेडूक पकडत, म्हणजे नेमके प्रजननाच्या दिवसांत. मागचे दोन पाय घ्यायचे, बाकीचा बेडूक टाकून द्यायचा. मुंबईत फोर्ट भागात मुख्यालय असलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (स्थापना १८८३) नियतकालिकात १९८५मध्ये हुमायून अब्दुलअली यांनी या निर्यातीवर सविस्तर लेख लिहिला. पक्षिशास्त्रज्ञ म्हणून ओळखला जाणारा हा माणूस बेडकांसाठी नेटाने बोलत राहिला. पायांच्या विक्रीतून येणारे परकीय चलन एकीकडे, बेडूक गेल्यावर वाढणारा कीटकनाशकांचा खर्च दुसरीकडे, असा वाद तेव्हा झाला. १९८७मध्ये निर्यात बंद झाली. चोरटी शिकार मात्र थांबलेली नाही. गोव्यात आणि लगतच्या भागात पहिल्या पावसात आजही टॉर्च घेऊन माणसे निघतात.

तुमच्या शेतात काय करता येईल? बांध तणनाशकाने पूर्ण उघडा करू नका. गवत कापा, पण थोडे ठेवा, बेडूक दिवसा तिथेच दडतो. शेतात एखादा खोलगट कोपरा असेल तर त्यातले पाणी पिल्लांना पाय फुटेपर्यंत टिकू द्या, बाकी खाचराचा निचरा नेहमीप्रमाणे करा. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याशिवाय फवारणी नको. बेडूक कातडीतून पाणी शोषतो, त्याच पाण्यातून औषधही शोषले जाते. पंप आणि डबे ओहोळात किंवा डबक्यात धुणे तर ताबडतोब बंद करा. नुकसान सर्वांत जास्त होते ते इथेच, आणि टाळायला एक पैसाही लागत नाही.

कृषी सहायकांनी जूनच्या शेतकरी बैठकीत हा विषय पाच मिनिटे घ्यावा, शाळेतही सांगावा. बैलबेडकाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे. पोती भरून बेडूक नेताना कोणी दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.