अमेरिकेच्या सशस्त्र दलांतील सेवामुक्ती

सेवामुक्तीचा दर्जा म्हणजे अमेरिकेच्या सशस्त्र दलांतील व्यक्तीची सेवा कोणत्या परिस्थितीत संपली याची अधिकृत नोंद होय. ही नोंद डीडी-२१४ या प्रपत्रावर केली जाते. शिक्षणासाठीचे अर्थसाहाय्य, वैद्यकीय उपचार, अपंगत्वाची भरपाई, गृहकर्जाची हमी हे माजी सैनिकांचे लाभ बहुतांशी तिच्यावर अवलंबून असतात. नोकरी देणारेही अनेकदा हे प्रपत्र पाहावयास मागतात.

प्रकार

सेवामुक्ती प्रशासकीय किंवा दंडात्मक असते. प्रशासकीय सेवामुक्तीचे प्रमुख दर्जे तीन आहेत : ‘ऑनरेबल’ (सन्माननीय), ‘जनरल’ (सन्माननीय परिस्थितीतील सर्वसाधारण) आणि ‘अदर दॅन ऑनरेबल’ (सन्माननीयेतर). ‘बॅड कंडक्ट’ आणि ‘डिसऑनरेबल’ या दंडात्मक सेवामुक्ती मात्र लष्करी न्यायालयाच्या शिक्षेनेच होतात. त्यांपैकी दुसरी केवळ सर्वोच्च श्रेणीचे लष्करी न्यायालय, म्हणजे जनरल कोर्ट मार्शल, देऊ शकते. अधिकाऱ्यांच्या बाबतीत तिच्या जागी बडतर्फी असते. प्रशिक्षणाच्या सुरुवातीच्या काळातच परत पाठविलेल्यांच्या सेवेला सहसा कोणताही दर्जा दिला जात नाही.

लाभांवरील परिणाम

सन्माननीय सेवामुक्ती मिळालेला सैनिक इतर अटी पूर्ण करीत असल्यास सर्व लाभांस पात्र असतो. ‘जनरल’ दर्जा वरकरणी त्याच्या जवळचा वाटतो; परंतु जीआय बिलाखालील शिक्षणाचा लाभ त्यामुळे हातचा जातो. दुसऱ्या टोकाला, जनरल कोर्ट मार्शलच्या शिक्षेने सेवामुक्त झालेल्यास त्या सेवाकाळाचे लाभ कायद्यानेच नाकारले जातात. गुन्ह्याच्या वेळी मनोविकृती असल्याचे सिद्ध झाल्यास मात्र अपवाद होतो. ‘डिसऑनरेबल’ शेरा असलेल्या व्यक्तीस संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक बाळगण्यासही मनाई आहे.

खरी अनिश्चितता ‘अदर दॅन ऑनरेबल’ या मधल्या दर्जाविषयी आहे. त्यासाठी न्यायालयात दोष सिद्ध व्हावा लागत नाही. कित्येकदा खटला टाळण्यासाठी सैनिक स्वतःच अशा सेवामुक्तीची विनंती करतो आणि तिची किंमत त्याला पुढे लाभांसाठी अर्ज करताना कळते. असा अर्ज आल्यावर माजी सैनिक कल्याण विभाग त्या सेवाकाळाची स्वतंत्र तपासणी करून पात्रता ठरवितो. निर्णय अनुकूल लागला तरी डीडी-२१४ वरील शेरा बदलत नाही. आधीचा एखादा सेवाकाळ सन्मानपूर्वक पूर्ण झालेला असल्यास त्या काळाचे लाभ सहसा टिकतात. २०१८ च्या कायद्याने या दर्जाच्या काही माजी सैनिकांना ठरावीक अटींवर मानसिक आरोग्यसेवा खुली झाली.

निळी सेवामुक्ती

मधल्या दर्जाचा हा पेच जुनाच आहे. दुसऱ्या महायुद्धात निळ्या कागदावर दिली जाणारी एक सेवामुक्ती होती. ती सन्माननीयही नव्हती आणि अपमानास्पदही. १९४४ च्या जीआय बिलाने केवळ ‘डिसऑनरेबल’ सेवामुक्तांना वगळले होते; तरीही माजी सैनिकांच्या प्रशासनाने निळा कागद हाती असलेल्यांचे लाभ सर्रास नाकारले. हा कागद समलिंगी आणि कृष्णवर्णीय सैनिकांना मोठ्या प्रमाणावर देण्यात आला. भूदलात कृष्णवर्णीय सुमारे ६.५ टक्के असताना निळ्या सेवामुक्तींत त्यांचा वाटा सुमारे २२ टक्के होता. ‘पिट्सबर्ग कूरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने १९४५ मध्ये या अन्यायाविरुद्ध मोहीम उघडली. १९४७ मध्ये निळी सेवामुक्ती बंद झाली. तिच्या जागी ‘जनरल’ आणि ‘अनडिझायरेबल’ (अवांछनीय) असे दोन दर्जे आले. त्यांपैकी दुसरा म्हणजे आजच्या ‘अदर दॅन ऑनरेबल’ दर्जाचा पूर्वज होय.

दर्जात सुधारणा

सेवामुक्तीनंतर १५ वर्षांपर्यंत संबंधित दलाच्या पुनर्विलोकन मंडळाकडे दर्जा उंचावण्यासाठी अर्ज करता येतो. जनरल कोर्ट मार्शलने झालेली सेवामुक्ती या मंडळाच्या कक्षेबाहेर असते. तिच्यासाठी, तसेच मुदत टळलेल्या प्रकरणांसाठी, लष्करी अभिलेख दुरुस्ती मंडळाकडे जावे लागते. युद्धोत्तर मानसिक आघातामुळे घडलेल्या गैरवर्तनाची प्रकरणे, विशेषतः व्हिएतनाम युद्धातील सैनिकांची, सहानुभूतीने पाहावीत असा निर्देश संरक्षणमंत्री चक हेगल यांनी २०१४ मध्ये अभिलेख दुरुस्ती मंडळांना दिला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात या आघाताला वैद्यकशास्त्रात आजचे नावही मिळाले नव्हते. ते १९८० मध्ये मिळाले.