नक्षी बाहेर, माप आत

तापीच्या खोऱ्यात, बऱ्हाणपूर जिल्ह्यातील दापोरा आणि त्याच्या आसपासच्या केळी पिकविणाऱ्या गावांत, जुन्या धाब्याच्या घरांनी चिमणीला जो आश्रय दिला, तो कोणी हेतुपुरस्सर दिलेला नव्हता. मातीच्या जाड भिंती, त्यांतील देवळ्या, तुळई आणि भिंत यांच्यामधली फट, वळचणीखालचा अंधार, तसबिरीमागची तिरपी जागा, या सर्वांवर चिमणीची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती. आणि घरधनीण रोज सकाळी खाली पडलेल्या काड्या केरसुणीने गोळा करता करता ती वहिवाट, थोडे कुरकुरत का होईना, मान्य करीत असे. पुढे सिमेंटचा सपाट स्लॅब आला, फटी बुजल्या, तसबिरी भिंतीला चिकटून बसल्या, आणि एकाही पाखराला दगड न मारता एक अख्खी वस्ती बेदखल झाली. शिवारातही तोच प्रकार. केळीचे खोड म्हणजे वस्तुतः पानांच्या आवरणांची गुंडाळी; त्यात सुतार पक्ष्याने पोखरावे असे लाकूडच नसते, आणि घड उतरला की तेही आडवे होते. बांधावरची जुनी चिंच किंवा आंबा एकदा तुटला, की त्याच्या ढोल्यांत नांदणाऱ्या पोपटांना, मैनांना आणि पिंगळ्यांना त्या अफाट हिरवाईत बिऱ्हाड करायला जागा उरत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी बागेत लाकडी घरटे टांगण्याची कल्पना निघाली, आणि ती आता रोपवाटिकांत व हस्तकलेच्या प्रदर्शनांत चांगलीच स्थिरावली आहे. परंतु तेथे मांडलेल्या घरट्यांकडे निरखून पाहिले, तर लाल कौलांची प्रतिकृती, इवलीशी खिडकी, दारापुढे पाखराने बसावे म्हणून ठोकलेली दांडी आणि आत जेमतेम मूठ मावेल एवढी पोकळी, असा थाट आढळतो. ती वस्तू माणसाच्या दृष्टिसुखासाठी घडविलेली असते. पक्षी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि यात पक्ष्याची अरसिकता मुळीच नाही.

सोयीस्कर भोकाला पाखरांच्या जगात केवढी किंमत असते, हे सलीम अलींच्या बालपणीच्या एका नोंदीवरून कळते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील ही गोष्ट. भिंतीतील एका भोकात चिमणी अंड्यांवर बसली होती आणि नर दाराजवळच्या खिळ्यावर पहारा देत होता. मुलाने छर्‍याच्या बंदुकीने नर टिपला. थोड्याच वेळात दुसरा नर त्याच खिळ्यावर हजर. तो टिपला, तर तिसरा. पुढच्या सात दिवसांत आठ नर असे मारले गेले, आणि प्रत्येक वेळी उमेदवार तयारच होता. पुढे भारतीय पक्षिविद्येचे अध्वर्यू झालेल्या या गृहस्थांनी आपल्या आत्मचरित्रात ही हकिकत काहीही न लपविता सांगितली आहे. तिचा आपल्यापुरता बोध एवढाच, की घरटे मांडण्याजोगी जागा आणि तेथे बसलेली मादी ही चिमण्यांच्या मुलखातील खरी दौलत होय.

सर्वच पक्षी मात्र या दौलतीचे वारसदार नसतात. सुगरण, शिंपी, बुलबुल, सूर्यपक्षी हे आपापले घरटे उघड्यावर विणतात, शिवतात अथवा लोंबकळते बांधतात. शेजारच्या खानदेशातील बहिणाबाईंनी जिचा खोपा मराठी माणसाच्या जिभेवर ठेवला, ती सुगरण आपल्या लाकडी पेटीत कधीही उतरणार नाही. पेटीत येतात ते ढोलीत राहणारे: चिमणी, दयाळ, साळुंकी, भांगपाडी मैना, आणि जागा ऐसपैस असेल तर पिंगळा.

माणसाने पाखरासाठी देखणे घर बांधावे, हा छंद जुना आहे. इस्तंबूलच्या उस्कुदार भागात 18व्या शतकातील अयाझमा मशिदीच्या भिंतींवर सज्जे, कमानी आणि घुमट असलेले चिमुकले दगडी महाल चिमण्यांसाठी कोरलेले आहेत. आपल्या शेजारच्या गुजरातेत चौकाचौकांतून नक्षीदार चबुतरे उभे आहेत, जरी तेथे पाखराला निवाऱ्यापेक्षा दाणाच अधिक मिळतो. ज्याला शास्त्र म्हणावे असे घरटे मात्र 19व्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत बॅरन फॉन बर्लेप्श याने सिद्ध केले. त्याने सुतार पक्ष्याच्या ढोल्यांची मापे घेतली आणि ओंडका आतून तसाच कोरविला. आपल्याकडे नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी आणि त्यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने चिमण्यांच्या लाकडी घरट्यांचा प्रसार केला. 20 मार्च हा जागतिक चिमणी दिन त्यांच्याच पुढाकाराने 2010 पासून पाळला जातो.

आता प्रत्यक्ष हुन्नराकडे वळू. फळी सागाची किंवा कडुनिंबाची, निदान दीड सेंटिमीटर जाडीची असावी. पातळ फळी, बऱ्हाणपूर ज्यात मोडते त्या निमाडच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, आतल्या पिलांना भाजून काढते, आणि पत्र्याचे छप्पर तर त्याहून घातक. चिमणीसाठी तळ बारा ते पंधरा सेंटिमीटर चौरस, उंची वीस ते पंचवीस, आणि दाराचे भोक तळापासून सुमारे पंधरा सेंटिमीटर वर, 32 मिलिमीटर व्यासाचे. हे शेवटचे माप सर्वांत महत्त्वाचे, कारण भोक मोठे झाले की साळुंकी कबजा घेते. साळुंकी आणि मैनेला पाच-सहा सेंटिमीटरांचे दार लागते, पिंगळ्याला सात-आठ. समोरची फळी आतून रंधू नये. उलट पटाशीने तिच्यावर आडव्या खाचा पाडाव्यात, म्हणजे पिलाला नखे रोवून दारापर्यंत चढता येते. तळाच्या कोपऱ्यांत पाणी निथळण्यासाठी आणि छपराखाली हवा खेळण्यासाठी गिरमिटाने बारीक छिद्रे पाडावीत, छप्पर उतरते करून दारापुढे चार बोटे काढावे, आणि एक बाजू बिजागरीवर किंवा स्क्रूवर उघडेल अशी ठेवावी, कारण साफसफाई करता येत नाही ते घरटे एका हंगामाचेच. दारापुढची दांडी सरळ काढून टाकावी. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याला आणि मांजराला मात्र ती फार सोयीची पडते.

मग कलाकुसरीला वाव कोठे? बाहेरच्या तीन भिंतींवर, आणि तो थोडाथोडका नाही. निमाडात हरियाली अमावास्येला भिंतीवर जिरोती काढतात; त्या परंपरेतील गेरूचा तांबडा आणि खडूचा पांढरा हे रंग लाकडावर सुरेख बसतात आणि पाखरालाही खुपत नाहीत. एकेकाळी खानदेश सुभ्याचे ठाणे असलेल्या बऱ्हाणपुरात शाही हमामाच्या छतावर रंगविलेली वेलबुट्टी आजही पाहायला मिळते. तिच्यातील एखादी वेल पेटीच्या पाखेवर कोरून देणारा सुतार तालुक्यात खचित सापडेल. वर जवसाच्या तेलाचा हात फिरवावा आणि वास पूर्ण जाईपर्यंत पेटी सावलीत ठेवावी. आतल्या बाजूस मात्र रंग, तेल, व्हार्निश काहीही लावू नये. आरशाचे तुकडे जडविणाऱ्यांना माझा स्पष्ट विरोध आहे: विणीच्या दिवसांत नर आपल्याच प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून चोची मारीत बसतो. लाकूड परवडत नसेल, तर वाळलेला भोपळा पोखरून आणि त्यावर बारीक नक्षी कोरून तेच काम साधते. अमेरिकेतील आदिवासी पाकोळ्यांसाठी असेच भोपळे टांगीत आले आहेत.

बऱ्हाणपुरात केळीच्या खोडापासून धागा काढून टोपल्या आणि पिशव्या विणण्याचा उद्योग महिलांच्या बचतगटांनी वाढविला आहे. त्या धाग्याचे वेष्टन पेटीला उन्हापासून थोडे वाचविते आणि शोभतेही. परंतु त्याची लांब टोके लोंबती सोडू नयेत, कारण पाखरे तो धागा घरट्यात नेतात आणि पिलांच्या पायांना तो आवळून बसतो.

पेटी वळचणीखाली, अडीच-तीन मीटर उंचीवर, दार उत्तरेला किंवा पूर्वेला करून टांगावी. चिमणी साधारणतः पंधरवडाभर अंडी उबविते आणि त्यानंतर आणखी पंधरवड्यात पिले उडतात. या काळात पेटी उघडून पाहण्याचा मोह आवरावा; 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्याच्या घरट्याशी छेडछाड करणे हीसुद्धा शिकारच मानली आहे. पिले गेल्यावर जुने काडीकाम काढून उकळत्या पाण्याने पेटी धुवावी आणि कडक उन्हात वाळवावी. कीटकनाशकाची पूड घालू नये. आणि हे केवळ पेटीपुरते नव्हे. चिमणीची पिले पहिल्या दिवसांत प्रामुख्याने किड्यांवर वाढतात. परसात आणि बांधावर फवारा मारून भिंतीवर नक्षीदार पेटी टांगणारा मनुष्य एका हाताने घर देतो आणि दुसऱ्या हाताने शिधा काढून घेतो.

फेब्रुवारीपासून चिमण्यांची जागेसाठी धावपळ वाढते, म्हणून पेटी पौषातच टांगावी. पहिल्या वर्षी ती रिकामी राहिली, तर हात लावू नये. दुसऱ्या वर्षीही रिकामीच राहिली, तर नक्षीला दोष न देता आधी भोकाचे माप तपासावे आणि मग जागा बदलावी.