अर्ज ढिगाने, प्रोग्रॅमर मात्र सापडेना

यवतमाळ वा पुसदच्या एखाद्या पतसंस्थेने किंवा जिनिंग कारखान्याने ‘प्रोग्रॅमर पाहिजे’ अशी जाहिरात द्यावी, की अर्जांचा ढीग पडतो. जवळजवळ प्रत्येक अर्जात जावा, पायथॉन, एसक्यूएल ही नावे ओळीने मांडलेली असतात. प्रत्यक्ष कामाला बसवल्यावर मात्र थकीत कर्जांची शाखानिहाय यादी बिनचूक काढून देणारा त्यांतून एखादाच निघतो. पुण्या-नागपुरातील कंपन्यांचीही हीच ओरड आहे. फरक इतकाच की त्यांचा ढीग मोठा असतो.

जिल्ह्यात शिक्षणाची सोय नाही, असे म्हणता येत नाही. पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून, तर यवतमाळला जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९९६ पासून चालू आहे. कोरडवाहू कापसावर संसार चालवणाऱ्या घरांतील मुले तेथे शिकतात. त्यांच्या शुल्कासाठी कधी कर्ज काढलेले असते, कधी वावराचा तुकडा गेलेला असतो. म्हणूनच नोकरीची चाळणी नेमके काय चाळते, हा प्रश्न येथे केवळ कंपन्यांच्या सोयीचा राहत नाही.

कापसाचा व्यापारी चिमूटभर कापूस बोटांनी ओढून धाग्याची लांबी अजमावतो. गवंड्याचा हात भिंतीच्या दोन थरांत कळतो. सॉफ्टवेअरचे तसे नसते. चुकीच्या पद्धतीने लिहिलेला प्रोग्रॅमही पहिल्या दिवशी चालतो आणि मार्चअखेरीस व्याजाची आकारणी करताना कोसळतो. शिवाय प्रोग्रॅमरचा बराच वेळ नवे लिहिण्यात जातच नाही. तो दुसऱ्याने लिहिलेले वाचण्यात आणि त्यातील चूक शोधण्यात जातो. हे कसब ना गुणपत्रिकेत दिसते, ना प्रमाणपत्रात.

यासाठी २००७ च्या सुमारास एक साधी चाचणी जगभर चर्चेत आली. १ ते १०० आकडे छापायचे. ३ ने भाग जाणाऱ्या आकड्याऐवजी ‘फिझ’, ५ ने जाणाऱ्याऐवजी ‘बझ’ आणि दोहोंनी जाणाऱ्याऐवजी ‘फिझबझ’ छापायचे. शाळकरी वाटणाऱ्या या गणितात १५ हा आकडा मेख मारून ठेवतो. ‘३ ने भाग जातो का’ हे आधी विचारून उमेदवार मोकळा झाला, तर १५ च्या जागी नुसते ‘फिझ’ छापले जाते. अटींचा क्रम चुकला की उत्तर चुकते, एवढेच ही चाचणी तपासते; पण पदवीधरांची मोठी संख्या तेवढ्यातच अडखळते, असा मुलाखत घेणाऱ्यांचा अनुभव होता.

भारतात अ‍ॅस्पायरिंग माइंड्स या संस्थेने २०१७ मध्ये ५०० हून अधिक महाविद्यालयांतील सुमारे ३६ हजार विद्यार्थ्यांची चाचणी घेतली. त्यात प्रोग्रॅमचे तर्कशास्त्र बरोबर मांडू शकणारे ४.७७ टक्केच निघाले. या निष्कर्षावर उद्योगजगतातून टीकाही झाली. आकडा थोडा पुढेमागे झाला तरी शिक्षण आणि काम यांतील दरी नाकारता येणार नाही.

पण दोष सगळा विद्यार्थ्यांच्या माथी मारणे सोपे आहे. चाळणीची भोकेही तपासायला हवीत. दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही ठिकाणी ६० टक्के, ही कॅम्पस मुलाखतींची नेहमीची अट. मराठी माध्यमातून दहावी झालेला मुलगा अकरावी विज्ञानाला एकदम इंग्रजीत जातो आणि बारावीला दोन-चार टक्क्यांनी मागे पडतो. चार वर्षांनंतर तो उत्तम प्रोग्रॅम लिहीत असला तरी संगणक त्याचा अर्ज आधीच बाजूला काढतो. पुढची अडचण मुलाखतीची. अडखळते इंग्रजी म्हणजे अडखळता विचार, हा समज अजून गेलेला नाही. परदेशी ग्राहकाशी बोलण्यासाठी इंग्रजी लागतेच, यात वाद नाही. परंतु ती काही महिन्यांत सुधारते. विचारांची शिस्त इतक्या लवकर येत नाही.

निवडपद्धतींवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये घेतला. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे आणि सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारणे, या पद्धती त्यात वरच्या ठरल्या. नुसती शिक्षणाची वर्षे फारच खाली. बिघडलेला प्रोग्रॅम समोर ठेवून ‘हा दुरुस्त कर आणि काय केलेस ते सांग’ असे म्हणायला यवतमाळच्या पतसंस्थेलाही खर्च येत नाही. ते सांगणे मराठीत झाले तरी बिघडत नाही. मात्र तपासणारा स्वतः जाणकार हवा, आणि लहान संस्थांत नेमका तोच नसतो. अशा वेळी एखाद्या महाविद्यालयातील प्राध्यापकाला दिवसभरासाठी बोलावणे हा व्यवहार्य उपाय आहे.

मध्यंतरी अंतराची अडचण थोडी कमी झाली होती. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०१८ मध्ये देशपातळीवरील पात्रता चाचणी सुरू केली आणि कंपनीचे अधिकारी ज्या महाविद्यालयांत कधी फिरकले नसते, तेथील मुलांनाही दार उघडे झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि घरी बसून दिलेल्या चाचणीवरचा विश्वास उडू लागला. उत्तर उमेदवाराचे की यंत्राचे, हे कळेना. त्यामुळे काही कंपन्या पुन्हा समोरासमोरच्या मुलाखतीकडे वळल्या आहेत. पुसदच्या मुलासाठी याचा अर्थ पुन्हा पुण्याची रात्रभराची ट्रॅव्हल्स, मुक्कामाचा खर्च आणि झोप न झालेल्या डोळ्यांनी दिलेली परीक्षा.

स्थानिक संस्थांपुढची अडचण निवडीनंतर सुरू होते. हाताशी आलेला मुलगा दोन वर्षांत तयार होतो आणि पुण्याला जातो. पगाराची बरोबरी करणे त्यांना शक्य नाही, त्याला अडवून ठेवणेही योग्य नाही. त्याने लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची टिपणे त्याच्याकडून वेळच्या वेळी करून घेतली, तर तो गेल्यावर कारभार ठप्प होत नाही. बहुतेक ठिकाणी ही टिपणे त्याच्या नोटीस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यात मागितली जातात.