सात महिन्यांची नोकरी आणि मराठी
लेखमाला : शहराची बोली (भाग 5)

मागच्या आठवड्यात शाळकरी मुलांच्या भाषेबद्दल लिहिलं होतं. आज मोठ्या माणसांबद्दल, कारण त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नाही.

संत तुकारामनगरमधलं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय म्हणजे सगळ्यांचं 'वायसीएम'. महापालिकेचं, सुमारे 750 खाटांचं. सकाळी ओपीडीच्या रांगेत उभं राहिलं की अख्खं पिंपरी-चिंचवड कानावर पडतं. लेकाकडे राहायला आलेली परभणीची आजी, हाताला फडकं गुंडाळून आलेला बिहारचा पोरगा, पाठीशी लेकरू बांधलेली कलबुर्गीकडची बाई. टेबलापलीकडचे निवासी डॉक्टरही पुष्कळदा परप्रांतातले, कारण सरकारी आणि पालिकेच्या महाविद्यालयांत पदव्युत्तर प्रवेशाच्या निम्म्या जागा देशपातळीवरच्या कोट्यातून भरतात. आजी सांगते, "जिना चढलं की दम भरतोय, आन् रातच्याला आडवं पडवंना." डॉक्टर विचारतात, "दर्द कहाँ होता है?" आजी म्हणते, दुखत न्हाई. मग शेजारून सिस्टर सांगतात, "सर, साँस फूलती है उनकी. लेटने पर ज्यादा." तेवढ्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. हे दुभाष्याचं काम सिस्टरच्या नेमणूकपत्रात कुठेही लिहिलेलं नाही. त्या ते रोज करतात.

"हिंदीत भागतं की सगळं," असं आपण सहज म्हणून जातो. चहाच्या टपरीवर, खोलीचं भाडं ठरवताना भागतं, खरंच. पण दुखणं सांगताना, पगाराच्या स्लिपवरची कपात समजून घेताना, पोलीस ठाण्यात तक्रार लिहून देताना ही कामचलाऊ हिंदी अपुरी पडते. परभणीच्या आजीला ती येत नाही. ओडिशाच्या किंवा झारखंडच्या आदिवासी भागातून आलेल्या मजुराचीही ती मातृभाषा नाही. दोघेही आपापल्या घरची भाषा दाराबाहेर ठेवून तिसऱ्याच्या भाषेत अडखळतात.

बाहेरून माणसं येणं या गावाला नवीन नाही. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं पिंपरी कॅम्पात वसली. 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, पुढे आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि मराठवाडा, खानदेश, कोकण, केरळ, तामिळनाडू अशा सगळीकडून माणसांचा ओघ लागला. त्या पिढीतल्या मल्याळी वा तमिळ कामगाराशी आज बोलून पाहा. निवृत्तीनंतर तो सोसायटीच्या सभेत मराठीत भांडतो, गणपतीच्या वर्गणीची पावती मराठीत फाडतो. त्याला कुणी वर्गात बसवून शिकवलं नव्हतं. नोकरी कायम होती, युनियनची सभा मराठीत व्हायची, शेजार पंचवीस वर्षं तोच होता. भाषा त्या मुक्कामाबरोबर आली.

आता शेजारच्या चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात येणाऱ्या पोराला मुक्कामच मिळत नाही. तो ठेकेदाराच्या नावावर येतो. औद्योगिक विवाद कायद्यात सलग सेवेसाठी 240 दिवसांचा हिशेब होता, त्यामुळे सात महिने झाले की 'ब्रेक' देण्याची रीत पट्ट्यातल्या कुठल्याही कामगाराला ठाऊक आहे. आज महाळुंगे, उद्या तळेगाव, परवा थेट गुजरातेतलं साणंद. एका खोलीत सहाजण, सगळे एकाच जिल्ह्याचे, त्यातले निम्मे रात्रपाळीला. असा माणूस मराठी कुणाकडून आणि कधी शिकणार? मला वाटतं, भाषेच्या आपल्या सगळ्या वादात हा मुद्दा कुणी धरतच नाही. नोकरी टिकाऊ नसेल तर भाषाही रुजत नाही.

याची किंमत फार मोठी आहे. प्रेस शॉपमध्ये नवा पोरगा मशीनवर उभा राहतो, तेव्हा दोन्ही हातांनी बटण दाबायचं, डायमध्ये हात घालायचा नाही, गार्ड काढायचा नाही, हे कुणीतरी त्याला कळेल असं सांगावं लागतं. 1948 च्या कारखाने कायद्याने सूचनाफलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायला सांगितलं होतं. पण ज्या शेडमध्ये पाच राज्यांची माणसं आहेत तिथे बहुसंख्यांची भाषा कोणती धरायची? फलक लागतो, तपासणीत खूण होते आणि ज्याला तो वाचता येत नाही त्याचं बोट जातं.

राज्याने भाषेसाठी कायदे केलेत. 2020 च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी सर्व शाळांत सक्तीची झाली, 2022 च्या कायद्याने महापालिकांचा कारभार मराठीतून करायचं ठरलं. दोन्ही मला मनापासून हवे आहेत. पण वयाच्या बाविसाव्या वर्षी इथे उतरलेल्या माणसाला मराठी कोण शिकवणार, याचं उत्तर त्यांत नाही. मग 2025 मध्ये मीरा रोडला झालं तसं दुकानदाराच्या कानशिलात मारून भाषा मागितली जाते. मार खाऊन कुणी भाषा शिकत नाही, तो तिच्यापासून लांब पळतो. वायसीएमची संत तुकारामनगर ही वसाहत ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या तुकोबांच्या गाथेत हिंदुस्तानी रचनाही आहेत. समोरच्याच्या बोलीत दोन पावलं जाण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आपली दुसरी खोड याच्या उलट आहे. समोरचा 'भैया' दिसला की आपण स्वतःहूनच हिंदीत शिरतो. रिक्षात, भाजीच्या गाडीवर, बँकेत. त्याने "कितीला?" एवढंच विचारायचं धाडस केलं तरी आपलं उत्तर हिंदीत. शिकू पाहणाऱ्याचा रस्ता आपणच अडवतो.

केरळने वेगळी वाट धरली. तिथल्या साक्षरता मिशनने 2017 मध्ये पेरुंबावूरला, म्हणजे परप्रांतीय मजुरांच्या मोठ्या वस्तीत, 'चंगाती' नावाचा उपक्रम सुरू केला. मजुरांना मल्याळम शिकवण्यासाठी 'हमारी मलयालम' हे पुस्तकच तयार केलं. जर्मनीत नव्याने आलेल्यांसाठी 600 तासांचे भाषावर्ग आहेत. इस्राएलने 1949 पासून 'उल्पान' नावाच्या शाळांत हिब्रू शिकवली. त्या देशात आपल्या कोकणातले बेने इस्राएलीही जाऊन राहिले, हिब्रूत रुळले आणि तरीही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथून काढत राहिले. सामाईक भाषा शिकल्याने घरची भाषा पुसली जाते, ही भीती निदान त्यांच्या बाबतीत खोटी ठरली.

मग इथे काय करता येईल? वैद्यकीय शिक्षणाच्या 2019 च्या अभ्यासक्रमात एमबीबीएसच्या नव्या विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेची ओळख करून देण्याची तरतूद होती. तीच गोष्ट निवासी डॉक्टरांसाठी रुग्णालयातच करता येईल, वॉर्डमधल्या सिस्टरना शिकवण्याचा भत्ता देऊन. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात. तिथे वर्ग भरवायचा तर कामगारांच्या पाळ्या बघून वेळ ठरवावी लागेल. पहिली पाळी तीन-साडेतीनला सुटते, जेवणखाण उरकून माणूस सहाला येऊ शकतो. पाळी आठवड्याने बदलते, म्हणून तोच धडा सकाळी पुन्हा घ्यावा लागेल. पुस्तकाची सुरुवात मुळाक्षरांऐवजी पगाराची स्लिप, औषधाची चिठ्ठी, मशीनवरची सूचना इथून व्हावी. आणि त्या तासांचा पगार ठेकेदाराने कापू नये, हे कंपनीने करारातच लिहून घ्यावं.