संगणकाची जलशीतन यंत्रणा : बदलावी की आहे तीच सुधारावी?

उन्हाळा लागला, की सुरतच्या उधना परिसरात माणसांबरोबर संगणकांचीही परीक्षा सुरू होते. यंत्रमाग, साड्यांची छपाई आणि भरतकाम यांच्या या पट्ट्यात नक्षी आता कागदावर नव्हे, पडद्यावर आकार घेते. जळगाव, धुळे, नंदुरबारहून येऊन येथे स्थिरावलेली कितीतरी मराठी कुटुंबे कापडधंद्याशी जोडलेली आहेत. नक्षीची मोठी फाइल छपाईसाठी तयार होत असताना संगणक मंदावला, तर पुढचे छपाई यंत्र खोळंबते आणि दिवसाचा हिशेब बिघडतो. अशा वेळी पहिला विचार मनात येतो, तो जुनी जलशीतन यंत्रणा काढून मोठी बसवण्याचा. गोव्यात चित्रफीत संपादन किंवा वास्तुरचनेचे काम करणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो.

पाणी नेमके काय करते?

प्रोसेसरवर बसवलेली तांब्याची पट्टी उष्णता शोषते, पंप ती द्रवामार्फत रेडिएटरकडे नेतो आणि पंखे ती खोलीतील हवेत सोडतात. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही द्रव थेट प्रोसेसरपर्यंत नेऊन उष्णता काढण्याचे तत्त्व वापरले आहे. म्हणजे पाणी उष्णता नाहीशी करत नाही, केवळ वाहून नेते. शेवटी ती खोलीतच येते. त्यामुळे खोलीच्या तापमानाखाली प्रोसेसर नेणे या यंत्रणेला शक्य नसते.

निर्णयाची गुरुकिल्ली येथेच आहे. जानेवारीत खोली २२ अंशांवर आणि कामाच्या भरात प्रोसेसर ७२ अंशांवर असेल, तर फरक ५० अंशांचा. मे महिन्यात खोली ३६ अंशांवर गेली आणि प्रोसेसर ८६ दाखवू लागला, तरी फरक तेवढाच. यंत्रणा बिघडलेली नाही, ऋतू बदलला आहे. मात्र त्याच खोलीत, त्याच कामासाठी हा फरक ५० वरून ६० वर गेला असेल, तर दोष शोधायला हवा. म्हणून प्रोसेसरचे तापमान टिपताना खोलीचे तापमानही शेजारी लिहून ठेवावे.

आधी बिनखर्चाचे उपाय

बहुतेक इंटेल प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास, तर एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेतील बहुतांश प्रोसेसर ९५ अंशांवर स्वतःचा वेग कमी करतात. त्या मर्यादेच्या बरेच खाली काम चालत असेल, तर आणखी पाच अंश उतरवून कामाचा वेग जवळजवळ वाढत नाही.

उधन्यासारख्या ठिकाणी पहिला संशयित असतो तो कापडाचा तंतुमय कचरा. रेडिएटरच्या पातळ पात्यांत तो नमद्यासारखा बसतो आणि हवा अडवतो. संगणक बंद करून, पंखे हाताने धरून, हवेच्या झोताने तो काढावा. झोताने पंखा गरगर फिरू दिल्यास त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. त्यानंतर प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. तिसरा उपाय म्हणजे बायोसमधून प्रोसेसरची वीजमर्यादा थोडी घटवणे. वेग किंचित कमी होतो, तापमान मात्र लक्षणीय उतरते.

बदल केव्हा अटळ?

काम सुरू करताच काही सेकंदांत तापमान मर्यादेला भिडणे, एक नळी गरम तर दुसरी गार राहणे, बायोसमध्ये पंपाचे फेरे शून्य दिसणे ही पंप थांबल्याची लक्षणे आहेत. सतत खळखळ ऐकू येत असेल, तर आत हवा साचली आहे. बंद संचातील द्रव नळ्यांच्या भिंतींतून वर्षानुवर्षे अत्यंत मंद गतीने घटत जातो आणि बहुतेक संचांत तो पुन्हा भरण्याची सोय नसते. त्यामुळे पाच-सहा वर्षे चाललेल्या आणि हमी संपलेल्या संचात ही लक्षणे दिसली, तर दुरुस्तीत पैसे घालू नयेत. गळतीची शंका आली, तर संगणक तत्काळ बंद करावा.

नवा प्रोसेसर घेतानाही तपासणी हवी. इंटेलने २०२१ मध्ये आणलेल्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये बसवणीच्या छिद्रांतील अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर झाले. जुना संच चांगला असूनही केवळ नवी पकड घ्यावी लागते, अशी उदाहरणे त्यामुळेच घडतात. सुटे भाग जोडून यंत्रणा उभारणाऱ्यांनी तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच प्रवाहात आणू नये, अन्यथा धातू गंजतो. नळाचे पाणीही वापरू नये.

मोठा रेडिएटर घ्यावा का?

१२० मिलिमीटरच्या एका पंख्यावरून दोन पंख्यांच्या २४० मिलिमीटर रेडिएटरकडे जाण्याचा लाभ जड कामात स्पष्ट जाणवतो. तेथून ३६० कडे जाताना तो आक्रसतो, कारण मग अडथळा रेडिएटरचा नसून प्रोसेसरमधून पट्टीपर्यंत उष्णता पोचण्याचा असतो. मध्यम क्षमतेच्या प्रोसेसरला तर चांगला हवेवरचा कूलरही पुरतो. त्यात पंप नाही, गळती नाही आणि बिघडला तर फक्त पंखा बदलायचा.

संगणक मंद असूनही तापमान मर्यादेखाली असेल, तर दुखणे अन्यत्र आहे. मोठ्या फाइली हाताळणाऱ्याला तेच पैसे वाढीव रॅम किंवा एसएसडीवर खर्चणे अधिक फलदायी ठरते. म्हणून आधी मोजणी, मग सफाई आणि सर्वांत शेवटी खरेदी, हाच क्रम पाळावा.